वीज वाहणारे जेल आणि नाशिकचा उन्हाळा

जेल म्हटले की नाशिककराला आधी नाशिक रोडचा तुरुंग आठवतो. इथे विषय दुसऱ्या जेलचा आहे. फालुद्यासाठी भिजत घातलेल्या सब्जाच्या दाण्याभोवती जे पारदर्शक, बुळबुळीत कवच फुगते, ते हे जेल. दाणा इवलासा, पण त्याच्या सालीवरच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या कित्येक पट पाणी धरून ठेवतात आणि पेला कलंडला तरी ते पाणी दाण्याला सोडत नाही. शास्त्रज्ञ याला हायड्रोजेल म्हणतात. कोरफडीचा गर, सोनोग्राफीच्या वेळी पोटावर गार लागणारी जेली, डोळ्यातली मऊ लेन्स, बाळाच्या डायपरमधली पावडर ही सगळी याच घराण्यातली मंडळी. अलीकडे या घराण्यात दोन गुण एकत्र आणण्याची जगभर चढाओढ लागली आहे: जेलमधून वीज वाहिली पाहिजे, आणि ते कापले गेले तर स्वतःहून सांधले गेले पाहिजे. अंगावर चिकटून हृदयाचे ठोके टिपणारी पट्टी, कृत्रिम हाताला स्पर्श देणारी कातडी, बोट वाकवले की संदेश देणारा हातमोजा अशी स्वप्ने त्यामागे आहेत. या चढाओढीत बातमी होते ती विक्रमाची. कोणते जेल किती पट ताणले गेले, किती सेकंदांत जुळले, याची. ते जेल कशात बनवले, किती तापमानाला बनवले आणि उघड्यावर ठेवल्यावर आठवड्याने त्याचे काय झाले, हे प्रश्न मागे पडतात. माझ्या मते खरे महत्त्व याच प्रश्नांना आहे, आणि नाशिकसारख्या शहराने या विषयात उतरायचे तर तिथूनच उतरावे.

आधी दोन्ही गुणांची फोड करू. तांब्यात वीज इलेक्ट्रॉन वाहून नेतात. बहुतेक जेलांत ते काम मिठाचे आयन करतात, जसे ते समुद्राच्या पाण्यात करतात. त्यामुळे जेल हा तारेचा पर्याय नव्हे. तांब्याची वाहकता मीटरला सुमारे ५.८ कोटी सीमेन्स असते. समुद्राच्या पाण्याची जेमतेम ५, आणि चांगल्या खारट जेलची त्याच आसपास किंवा त्याहून कमी. पण शरीराशी बोलायला एवढी पुरते. ईसीजीत छातीवर मिळणारा संदेश असतो साधारण एक मिलिव्होल्टचा, आणि तिथे खरी अडचण त्वचेच्या कोरड्या वरच्या थराची असते. जेल तो थर ओला करते आणि आयनांची भाषा धातूच्या इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचवते. आपल्या नसा आणि स्नायूदेखील आयनांवरच चालतात, म्हणजे एका अर्थाने हे सजातीयांचे बोलणे आहे. ज्यांना याहून जास्त वाहकता हवी ते जेलमध्ये पॉलिअ‍ॅनिलिनसारखी वीजवाहक पॉलिमरे घालतात. प्लॅस्टिकसारखा पदार्थ वीज वाहू शकतो, या शोधासाठी हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले होते.

सांधण्याची गोष्ट आणखी सोपी आहे. ती नाशिकच्या कुठल्याही शाळकरी पोराला ठाऊक आहे, फक्त तो तिला स्लाईम म्हणतो. गवारीच्या बियांचा डिंक, म्हणजे ग्वार गम, गार पाण्यात घोटायचा. त्यात टाकणखाराचे पाणी थेंबाथेंबाने घालायचे. कॅरम बोर्डावर शिंपडतात ती बोरिक पावडर या टाकणखाराचीच बहीण. बघता बघता पाण्याचा लगदा एकजीव होतो, चमच्याबरोबर उचलला जातो. कात्रीने त्याचे दोन तुकडे करा, कडेला कड लावून ठेवा. काही वेळाने सांधा शोधूनही सापडत नाही. कारण बोरेट डिंकाच्या दोन साखळ्यांचे हात धरतो, सोडतो, पुन्हा धरतो, आणि हे अखंड चालू असते. फुगडीत हात सुटले की खेळ मोडतो. इथे हात सुटणे हाच खेळ आहे. त्यात चिमूटभर मीठ घातले की वीज वाहणारे, स्वतःहून सांधणारे हायड्रोजेल तयार झाले. गॅस पेटवला नाही, विषारी द्रावक वापरला नाही, यंत्र लागले नाही. हे जेल लेचेपेचे असते, ओघळते, अंगावर टिकत नाही, हे खरे. टाकणखार पोटात जाण्याची वस्तू नव्हे, हेही खरे. पण तत्त्व पुरते कळते.

लेचेपेचेपणा घालवायचा तर साखळ्यांचे पक्के जाळे विणावे लागते, आणि तिथे सौम्यपणा संपतो. नेहमीची रीत अशी: लहान रेणूंच्या पाण्यात परसल्फेटसारखा क्षार घालायचा, हवेतला ऑक्सिजन आड येऊ नये म्हणून नायट्रोजन सोडायचा, आणि साठ-सत्तर अंशांवर काही तास तापवायचे. तापवायचे नसेल तर अतिनील किरणांचा दिवा, किंवा माशांसारखा उग्र वास मारणारे एखादे अमाइन. या सगळ्यात जिवंत पेशी, विकरे किंवा नाजूक औषध जेलमध्ये घालायचे म्हटले तर ते आधीच शिजून किंवा भाजून निघते. गेल्या दशकात यावर एक सुरेख उतारा पुढे आला. टॅनिन किंवा लिग्निनसारखी वनस्पतीतली फिनॉलयुक्त द्रव्ये आणि लोह किंवा चांदीसारख्या धातूंचे आयन यांची जोडी जमवायची. टॅनिन धातूला इलेक्ट्रॉन देते, धातू परसल्फेटला फोडतो, त्यातून मुक्तमूलक सुटतात आणि साखळी खोलीच्या तापमानालाच वाढू लागते. काही पाककृतींत तर काही मिनिटांत. वर टॅनिन आणि लोह यांचा बंध बोरेटसारखाच तुटून पुन्हा जुळणारा, म्हणजे सांधण्याची सोय आपसूक झाली. टॅनिन प्रथिनांना धरून बसते. कातडे कमावताना ते हेच करते, आणि म्हणून असे जेल त्वचेलाही धरते. एकाच द्रव्याने तीन कामे. मात्र हात आवरता घ्यावा लागतो: टॅनिन जास्त झाले तर सुटलेले मुक्तमूलक तेच गिळून टाकते आणि जेल बसतच नाही.

ही जोडी आपल्याला नवी नाही. हिरडा आणि हिराकस एकत्र केले की काळी शाई होते, हे जुन्या लेखनिकांना आणि रंगाऱ्यांना पक्के माहीत होते. हिराकस म्हणजे लोहाचे सल्फेट, हिरड्यात टॅनिन; हवा लागली की लोह पुढच्या पायरीवर जाते आणि टॅनिनशी काळाकुट्ट संयोग करते. म्हणूनच या जातीची जेलही बहुधा काळपट असतात. आपल्या पूर्वजांना हायड्रोजेल ठाऊक होते, असा दावा करण्याचा मोह इथे कुणाला होईल. त्यांना शाई ठाऊक होती, आणि तेवढे पुरेसे आहे.

आता नाशिक. टॅनिन म्हटल्यावर इथल्या माणसाच्या मनात पहिल्यांदा द्राक्ष येणार. राज्याने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण आणले, विंचूरला वाइन पार्क झाला, आणि गाळप झाल्यावर उरणाऱ्या चोथ्याचे काय करायचे, हा प्रश्नही सोबत आला. द्राक्षाच्या वजनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा चोथा म्हणून उरतो. त्यात साली, बिया, देठ. बियांत आणि सालीत टॅनिन भरपूर. पांढऱ्या वाइनचा चोथा आंबवण्याआधीच बाजूला होत असल्याने त्यात ते अधिक शिल्लक राहते. टाकाऊतून टिकाऊ अशी बातमी लगेच तयार होते. पण रसायन जरा निराळे सांगते. प्रयोगशाळांत वापरले जाते ते टॅनिक आम्ल वेगळ्या कुळातले, पाण्यात फुटणारे. द्राक्षाचे टॅनिन घट्ट जोडलेल्या साखळ्यांचे, तुकड्यांच्या लांबीत दर हंगामाला फरक पडणारे, काढायला अनेकदा अल्कोहोलमिश्रित पाणी लागणारे. खाण्याच्या थॉमसन जातीत तर बीच नाही. टॅनिक आम्लाचे जवळचे नातलग हवे असतील तर ते हिरड्यात आहेत. जुन्नर-आंबेगावच्या घाटमाथ्यावर आदिवासी कुटुंबे वर्षानुवर्षे हिरडा गोळा करतात, आणि सह्याद्रीची तीच रांग उत्तरेला इगतपुरी-त्र्यंबकपर्यंत येते. द्राक्षाचा चोथा अजिबात कामाचा नाही, असे मला म्हणायचे नाही. त्याचा वापर संशोधनाने सिद्ध करावा लागेल. नाशिकचे आहे म्हणून तो आपोआप चालणार नाही. स्थानिक अभिमान जेलमध्ये विरघळत नाही.

या क्षेत्रात मराठी मुलखाला नव्याने शिरायचे नाही, ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात ‘जलशक्ती’ नावाचे, शेतीसाठी पाणी शोषून धरणारे पॉलिमर तयार केले होते. त्याच प्रयोगशाळेतून शायनी वर्गीस, आशिष लेले आणि रघुनाथ माशेलकर यांनी २००६ मध्ये धातूच्या आयनांच्या साहाय्याने सांधल्या जाणाऱ्या जेलांवर शोधनिबंध लिहिला. तिथे मध्यस्थी तांब्याच्या आयनांची होती. स्वतःहून सांधणारे जेल हा शब्दप्रयोग सर्वतोमुखी व्हायच्या आधीची ही गोष्ट. पुढे २०१२ मध्ये वर्गीस यांच्या अमेरिकेतल्या गटाने, लेले आणि माशेलकर यांच्यासह, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात काही सेकंदांत सांधणारे हायड्रोजेल मांडले. साखळीला लोंबणाऱ्या बाजूच्या रेणूंची लांबी नेमकी जमवली की दोन तुकडे एकमेकांना पकडतात, ही त्यातली खरी कल्पना. ती अजूनही अभ्यासण्यासारखी आहे. पण त्याच निबंधात माझ्या मुद्द्याचा पुरावाही आहे. ते जेल सांधले जाते ते आम्लात, पीएच तीन किंवा त्याखाली. अल्कलीत तुकडे पुन्हा सुटे होतात. आणि त्याचा मूळ रेणू करायला लागते अ‍ॅक्रिलॉइल क्लोराइड, ज्याची बाटली उघडली तरी डोळ्यांत पाणी येते. जठरातल्या आम्लात छिद्र बुजवायचे असेल तर हे गुणाचे आहे. साडेपाचच्या आसपास पीएच असलेल्या मनगटावर नाही. थोर कामाची थोरवी त्यामुळे कमी होत नाही. कुठल्या परिस्थितीत बनते आणि कुठल्या परिस्थितीत चालते, हे विचारल्याशिवाय ‘स्वतःहून सांधणारे’ या विशेषणाला अर्थ नाही, इतकेच.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणूस घेईल. दवाखान्यात वापरून फेकायचे इलेक्ट्रोड मिळतात, दहा मिनिटांच्या ईसीजीला ते पुरतात. मग सांधणाऱ्या जेलचे कौतुक कशाला? दहा मिनिटांपुरता हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तास अंगावर यंत्र बांधून फिरायचे असते तेव्हा जेल घामाने सुटते, कोपऱ्यात चिरते, आणि मग आलेखात दिसणारी वळवळ हृदयाची की पट्टीची, हे डॉक्टरला ओळखावे लागते. कोपर, गुडघा, बोट अशा वाकणाऱ्या जागी तर चीर पडणे अटळ. तिथे सांधणे हा चैनीचा गुण राहत नाही. तरीही प्राथमिक आरोग्य केंद्राची पहिली गरज सांधण्याची नसून न सुकण्याची आहे, हे कबूल केलेच पाहिजे. इलेक्ट्रोडचे पाकीट उघडून आठवडाभर कपाटात राहिले की आतले जेल पापड होते. आणि पापड झालेले कुठलेही जेल सांधत नाही, वीजही वाहत नाही. पाणी गेले की दोन्ही गुण त्याच्याबरोबर जातात.

दुसरा आक्षेप म्हणूनच अधिक गंभीर आहे: ही जेल बंद डबीत पराक्रमी आणि उघड्या हवेत निकामी असतात. याला उत्तर आहे, पण ते फुकट मिळत नाही. पाण्याच्या जोडीला ग्लिसरीन घातले की ते ओलावा धरून ठेवते आणि थंडीत गोठूही देत नाही. त्याबरोबर जेल दाट होते, आयनांची चाल मंदावते आणि वाहकता उतरते. मीठ वाढवावे तर काही साखळ्या पाणी सोडून आक्रसतात. म्हणजे हा प्रमाण जमवण्याचा खेळ आहे, आणि प्रमाण जमते ते जिथे वापरायचे त्या हवेत. नाशिक जिल्ह्याकडे अशी हवा आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला भिडतो आणि दुपारी हवा कोरडी ठणठणीत. जुलैत इगतपुरीत भिंतींना ओल. आणि डिसेंबर-जानेवारीत निफाडला असा कडाका की द्राक्षबागायतदार घड वाचवायला रात्री शेकोट्या पेटवतात. तीन प्रकारची हवा शंभर किलोमीटरच्या आत. जेलाला एवढी कठोर परीक्षा क्वचितच कुठे मिळेल, आणि तिला हवामान-नियंत्रित कपाटही लागत नाही. नियंत्रित कपाटातले आकडे तुलनेला सोयीचे असतात, हे मान्य. पण नंदुरबारच्या किंवा सुरगाण्याच्या आरोग्य केंद्रात तसे कपाट नसते.

तिसरा आक्षेप ‘सौम्य’ या शब्दावरच आहे, आणि मला तो सर्वांत योग्य वाटतो. खोलीच्या तापमानाला, पाण्यात, पाच मिनिटांत जेल बनले, असे अभिमानाने लिहिणाऱ्या कित्येक पाककृतींचा मुख्य घटक अ‍ॅक्रिलामाइड असतो. साखळी झाल्यावर तो निरुपद्रवी. सुटा रेणू मात्र मज्जासंस्थेला घातक. जाळ्यात न गुंफलेले थोडे रेणू मागे राहतातच, आणि ते त्वचेवर बसणार. तापमान सौम्य, द्रावक सौम्य आणि कच्चा माल विषारी, याला सौम्य म्हणायचे का? माझे उत्तर नाही असे आहे. हिशेब मूळ बाटलीपासून व्हायला हवा: रेणू कुठून आला, उरलेला कसा धुतला, धुतलेले पाणी कुठे गेले. ग्वार, स्टार्च, अल्जिनेट, पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) यांसारख्या आधीच तयार साखळ्यांपासून सुरुवात केली तर हा प्रश्न बराच हलका होतो. त्यातले पीव्हीए विरघळवायला एकदा नव्वद अंशांचे पाणी लागते, तेवढा अपवाद चालवून घेण्यासारखा आहे. अशी जेल विक्रम मोडणार नाहीत. शाळेच्या टेबलावर बनतील, आणि मला तेच हवे आहे.

कारण टेबलाचा मुद्दा साधा नाही. मऊ लेन्सचा जनक ओटो विख्टर्ले याने द्राहोस्लाव्ह लिम याच्यासह १९६० मध्ये ‘नेचर’मध्ये शरीरासाठीच्या जेलांवर निबंध लिहिला, आणि सरकारी मदत आटली तेव्हा १९६१ च्या नाताळात प्रागमधल्या घरी, मुलांच्या मर्कुर नावाच्या जोडणीच्या खेळण्यातले भाग आणि सायकलचा डायनॅमो वापरून त्याने फिरत्या साच्यात पहिल्या चार लेन्स ओतल्या. हे करता आले ते तो प्रतिभावान होता म्हणून, हे तर आहेच. पण त्याचे रसायन घरच्या टेबलावर मावणारे होते म्हणूनही. जिल्ह्याच्या महाविद्यालयांतून संशोधन होणार नाही, तिथे फक्त बढतीसाठी निबंध छापले जातात, असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? सांधण्याची टक्केवारी प्रत्येक जण आपल्या सोयीने मोजतो. कुणी ताण मोजतो, कुणी फक्त दिवा पुन्हा पेटल्याचा फोटो छापतो. दिवा पेटायला कड कडेला टेकली तरी पुरते, सांधा झालेला असायची गरज नसते. पण यावरचा उपाय संशोधन पुण्या-मुंबईपुरते ठेवणे हा नव्हे. नव्या शैक्षणिक धोरणातल्या चार वर्षांच्या पदवीत शेवटच्या वर्षी संशोधन प्रकल्प आहे. हजारो मुलांना विषय लागणार आहेत. महागड्या यंत्राशिवाय बनणारे, वजनकाटा, मल्टिमीटर आणि घड्याळ यांनी तपासता येणारे जेल याहून चांगला विषय त्यांना कुठला मिळेल? आणि पाच महाविद्यालयांनी एकच पाककृती करून पाहिली तर ती खरी की खोटी, हे एका वर्षात कळेल. प्रसिद्ध प्रयोगशाळांनाही हे सहसा करायला वेळ नसतो.

अडते ते दुसरीकडे. जेल त्वचेवर लावायचे तर आयएसओ १०९९३ प्रमाणे जैविक तपासणी हवी, नैतिकता समितीची परवानगी हवी, २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत बसायला हवे, आणि मुख्य म्हणजे ‘मला याची गरज आहे’ किंवा ‘मला याची गरज नाही’ असे तोंडावर सांगणारा डॉक्टर हवा. रसायनशास्त्राची महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे, वैद्यकीय महाविद्यालये १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. दोन विद्यापीठे, दोन अभ्यास मंडळे, दोन अर्थसंकल्प. राज्यभरची वैद्यकीय महाविद्यालये ज्या विद्यापीठाच्या छत्राखाली आहेत, त्याचे मुख्यालय नाशिकमध्ये असल्याचा फायदा इथल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला आजवर झालेला दिसत नाही. दोन्ही विद्यापीठांनी मिळून एक छोटा संयुक्त निधी काढावा, आणि त्याला अट एकच घालावी: प्रत्येक जेलची वाहकता आणि सांधा पहिल्या दिवशी आणि उघड्यावर ठेवून सातव्या दिवशी मोजावा, एप्रिलात, आणि आकडा वाईट आला तरी छापावा. मोठी इमारत नको, केंद्र नको, कोनशिला तर नकोच. आरोग्य विद्यापीठ म्हसरूळला आहे, रसायनशास्त्राच्या जुन्या प्रयोगशाळा गंगापूर रोडला आहेत. मध्ये फक्त गोदावरी आहे, आणि तिच्यावर पूल आहेत.